दसऱ्याला आणलेला ट्रॅक्टर

आमच्या घरात कुठलीही वस्तू यायची ती एकाच वाक्याच्या जोरावर. "परत जाताना विकून टाकू." सोफा असा आला, डायनिंग टेबल असं आलं, बर्फ लोटायचं यंत्र असं आलं आणि बंदही पडलं. अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातलं हे घरसुद्धा त्याच वाक्यानं आलं. कागदांवर सही करताना माझ्या नवऱ्यानं, त्र्यंबकनी, माझ्याकडं बघून ते म्हटलं, आणि घर काय, विकता येतंच, म्हणून मीही मान डोलावली.

जे विकायचं नव्हतं, न्यायचं होतं, ते गॅरेजमध्ये होतं. फ्रिज, मिक्सर, इस्त्री, एक छोटा ओव्हन. शिकागोला डेव्हन अव्हेन्यूवर खास भारतात चालतील अशा वस्तूंची दुकानं आहेत, तिथून एकेका फेरीत आणलेलं. दोनशेवीस व्होल्टचं सामान, त्यामुळे इथल्या विजेवर त्यातलं काहीही चालत नाही. सगळी खोकी न उघडता भिंतीला लावून ठेवलेली आणि प्रत्येकावर काळ्या मार्करनं माझ्या अक्षरात लिहिलेलं, 'कोल्हापूर'.

कोल्हापूरला माझी आई असते. एकटीच. मी तिची एकुलती एक, आणि लग्न ठरतानाच बोलणं झालं होतं की अमेरिकेत पाच वर्षं काढायची आणि परत यायचं. त्या बोलण्यावर आईनं आमच्यासाठी घरावर एक खोली चढवली. खिडक्या कुठं हव्यात हे त्र्यंबकनीच कागदावर काढून दिलं होतं, रंकाळ्याकडचा वारा यावा म्हणून दोन पश्चिमेला. आम्ही इथं आलो ते बहात्तर साली, आणि आता त्र्याऐंशी संपत आलं होतं. खोली तशीच रिकामी होती. दर दिवाळीच्या आधी आई तिला चुना लावून घ्यायची.

यंदा तिच्या एका डोळ्यानं दिसेनासं झालं होतं आणि दुसऱ्याचा भरवसा नव्हता. हे तिनं मला सांगितलं नाही, शेजारच्या प्रतिमामावशींनी सांगितलं. जिना उतरताना पायरी पायानं चाचपते म्हणाल्या. इकडं ये म्हटलं की आईचं उत्तर ठरलेलं, "मी कशाला येऊ, तुम्हीच येणार आहात ना?" आईला माझं तोंड दिसतंय तोवर मला परत जायचं होतं. बाकी अमेरिकेशी माझं काही वाकडं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी त्र्यंबक स्वयंपाकघरात आले ते अंगात जाकीट घालूनच.

"शरयू, आज मुहूर्त आहे. एक वस्तू बघून ठेवलीय, चल आणायला."

मला वाटलं रंगीत टीव्ही असेल. बाहेर आले तर आमच्या स्टेशन वॅगनला मागून भाड्याचा ट्रेलर जोडलेला. ऑफिसात या माणसाला सगळे टॉम म्हणतात, त्र्यंबक कुणाला जमत नाही म्हणून. कधी कधी मला वाटतं, हा टॉम कोण आहे ते मी अजून नीट बघितलेलंच नाही.

"काय आणायचंय?"

"ट्रॅक्टर. म्हणजे शेताचा नव्हे ग, गार्डन ट्रॅक्टर. सिक्स्टी-थ्रीचं मॉडेल. पुढं ब्लेड लावलं की बर्फ लोटतो, खाली लावलं की गवत कापतो. आता असलं कुणी बनवत नाही."

"वीस वर्षांचं भंगार घेऊन काय करणार आहात?"

"व्हिंटेज म्हणतात त्याला," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

वीणाला, आमच्या दहा वर्षांच्या लेकीला, मैत्रिणीकडं सोडलं आणि आम्ही नदी ओलांडून जॉर्डन गावाच्या पुढं गेलो. आभाळ खाली आलं होतं. मक्याची शेतं कापून झालेली, जिकडं बघावं तिकडं नुसती खुंटं. वाटेत त्र्यंबक गिअरबद्दल बोलत होते, लोखंडाच्या जाडीबद्दल बोलत होते. इतक्या उत्साहानं ते माझ्याशी कधी बोलले होते ते मला आठवेना. ऐकताना बरं वाटत होतं आणि त्याचाच राग येत होता.

विकणारा म्हातारा लिंडक्विस्ट नावाचा होता. उंच, कमरेत वाकलेला, बोलायला कमी. त्याच्या घरात सगळीकडं खोकी बांधलेली दिसत होती. नवराबायको दोघं ॲरिझोनाला चालली होती, मुलीजवळ राहायला.

"मुलगी म्हणाली, डॅड, आता पुरे, इकडं या," तो मला म्हणाला. "मग काय, निघालो."

मी त्या खोक्यांकडं बघत राहिले. त्यांच्यावरही मार्करनं काहीतरी लिहिलेलं होतं. ही खोकी मात्र खरंच कुठंतरी जायची होती.

कोठारात ट्रॅक्टर ताडपत्रीखाली होता. पिवळा आणि पांढरा, लहान म्हशीएवढा, कुठं रंग उडालेला, पण पुसून पुसून ठेवलेला. म्हाताऱ्यानं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि मग असं काही धडधडायला लागलं की पायाखालची जमीन हलली. त्र्यंबक लहान पोरासारखे हसले. लिंडक्विस्ट मात्र हसला नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि हात बॉनेटवरच ठेवला.

"मागच्या आठवड्यात एक जण आला होता," तो म्हणाला. "रंग देऊन पुढं विकणारा. त्याला मी नाही म्हणालो. माझ्या वडिलांच्या बागेत चाललेला आहे हा. तुम्ही विकणार नाही ना?"

"नो सर," त्र्यंबक म्हणाले. "आम्ही कुठं जाणार आहोत? वी आर हिअर फॉर गुड."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं. अकरा वर्षं ज्या प्रश्नाला ते मला 'बघू' म्हणत आले, 'वीणाचं हे वर्ष होऊ दे' म्हणत आले, त्याचं उत्तर त्यांनी एका परक्या म्हाताऱ्याला उभ्या उभ्या देऊन टाकलं.

म्हाताऱ्याचं समाधान झालं. दोघांनी फळ्या लावल्या, त्र्यंबकनी ट्रॅक्टर चालवत ट्रेलरवर चढवला, पट्टे आवळले. निघताना लिंडक्विस्टची बायको दारात आली आणि मला एक भोपळा देऊन गेली. तो मांडीवर घेऊन मी गाडीत बसले.

दोन-तीन मैल गेले. मग मी म्हटलं, "काय सांगितलंत त्याला?"

"कुणाला?"

"म्हाताऱ्याला. आम्ही कुठं जाणार आहोत म्हणालात."

"अगं, तसं म्हणावं लागतं. नाहीतर दिला नसता त्यानं."

"म्हणजे खोटं बोललात."

"खोटं काय त्यात? ट्रॅक्टर नीट सांभाळणारच आहे मी." थोडं थांबून त्यांनी ते वाक्य बाहेर काढलं. "आणि परत जाताना विकूच की."

"त्याला सांगितलंत विकणार नाही. मला सांगताय विकू. आमच्या दोघांपैकी कुणाला बनवताय?"

त्र्यंबकनी रेडिओ लावला. संध्याकाळी पाऊस, रात्री गारठा, असं काहीबाही कुणीतरी सांगत होतं.

मी आरशात मागं बघत बसले. ट्रॅक्टर ट्रेलरवर किंचित डुलत येत होता. नदीच्या अलीकडं उतार लागला आणि मला दिसलं, एक पट्टा सुटला होता. त्याचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं आणि ट्रॅक्टर एका अंगाला सरकत होता. मी बोलले नाही. सुटू दे, मनात आलं. पडू दे रस्त्यावर, होऊ दे चक्काचूर, मग बघू कोण इथं फॉर गुड राहतं ते. पट्टा फडफडत राहिला आणि मी बघत राहिले. मग आमच्या मागं एक छोटी लाल गाडी आली. पुढं एक बाई, मागच्या सीटवर दोन लहान डोकी.

"थांबवा," मी म्हटलं. "पट्टा सुटलाय."

ते उतरले, धावत मागं गेले, पट्टा पुन्हा आवळला. परत आले तेव्हा त्यांच्या हाताला खरचटलं होतं.

"बरं झालं तुझं लक्ष होतं," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडायला आलं, ते मी भोपळ्याकडं बघत गिळलं.

घरी आल्यावर कळलं की ट्रॅक्टर ठेवायला जागा एकच आहे. गॅरेजची मागची भिंत. त्र्यंबकनी काही न विचारता खोकी हलवायला सुरुवात केली. मिक्सर, इस्त्री, ओव्हन ड्राइव्हवेवर आले. फ्रिजला हात लावताना मात्र ते थांबले.

"शरयू, तो माझ्या ऑफिसातला श्रीरंग डिसेंबरात परत चाललाय ना, पुण्याला. त्याला विचारू का हे सगळं? इथं पडून खराब होतंय."

एवढी वर्षं मला वाटत होतं की एखाद्या दिवशी भांडण होईल, आवाज चढतील, मग त्यातून काय ते एकदाचं ठरेल. तसलं काही झालं नाही. ठरून गेलेलं होतं, कधीच, आणि मला कुणी कळवलं नव्हतं इतकंच.

"विचारा," मी म्हटलं.

ट्रॅक्टर जागेवर लागला. दसरा होता, वाहन नवीन होतं, म्हणून मी हळदकुंकू आणलं. अंगणातल्या झेंडूची गारठ्यातून वाचलेली चार फुलं वाहिली. आपट्याऐवजी इथं आम्ही मेपलचं पान देतो, ते एक बॉनेटवर ठेवलं. पूजा माझ्या हातून नीट झाली. रागात केलेली पूजा पोचते की नाही मला ठाऊक नाही. तेवढ्यात वीणा घरी आली, थेट ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसली आणि स्टिअरिंग गरागरा फिरवायला लागली.

"इज इट अवर्स? फॉर रिअल?"

"हो," तिचे बाबा म्हणाले.

"फायनली," ती म्हणाली. "नाउ वी आर नॉर्मल."

संध्याकाळी मी कोल्हापूरला फोन लावला. तिकडं सकाळ झालेली असते. फोन प्रतिमामावशींकडं, त्या आईला हाताला धरून घेऊन आल्या, ते मला ऐकू येत होतं, सावकाश, उंबरा आहे हं, असं.

"आई, नमस्कार करते. काल दसरा झाला ना तुमचा."

"औक्षवंत हो. तुमचा आज, होय? काय केलंस?"

"श्रीखंड केलं. यांनी ट्रॅक्टर आणला."

"ट्रॅक्टर? जमीन घेतलीत तिथं?"

"नाही ग. छोटा असतो, बागेतला. गवत कापायला. थंडीत बर्फ लोटायला."

"बर्फ दर वर्षी पडतं तिथं?"

"हो. दर वर्षी."

लाइन तुटली असं वाटून मी हॅलो म्हणणार, तेवढ्यात तिचा आवाज आला. अगदी रोजचा आवाज, बाजारातून काय आणलं ते सांगताना असतो तसा.

"शरू, मग वरची खोली मी देऊन टाकते. शाळेतल्या एक बाई आहेत, कधीच्या मागताहेत. सोबत होईल मलाही. रात्री कुणीतरी वर चालतंय एवढं कळलं तरी पुरे."

परत येताना विकून टाकू ग ट्रॅक्टर, असं माझ्या जिभेवर आलं. त्यांचंच वाक्य, सगळंच्या सगळं. आईला ते मी आजवर किती वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं असेल. आज सांगवेना.

"दे," मी म्हटलं.

"पूजा केलीत ना त्याची?"

"केली."

"मग चांगलं झालं. सांभाळून चालवा म्हणावं."

फोन ठेवून मी गॅरेजमध्ये गेले. त्र्यंबक फडक्यानं ट्रॅक्टरचे दिवे पुसत होते. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि खोकी अजून ड्राइव्हवेवरच होती. 'कोल्हापूर'ची शाई ओघळून खाली आली होती.

"काय म्हणतात आई?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"खोली देऊन टाकतेय म्हणाली."

त्र्यंबकनी फडकं पिळलं, दुसरा दिवा पुसायला घेतला.

"कुठली खोली?" ते म्हणाले.