तुम्ही तिघं

लियान झाल्याला वर्ष उलटलं तरी माझं नाव काही बदललं नाही. आमच्या बारिओच्या डोंगरात पहिलं मूल झालं की आई-बाप आणि आजा-आजी जुनी नावं टाकतात, डुक्कर कापून गावाला जेवण घालतात आणि चारचौघांत नवी नावं घेतात. तोवर पोर कडेवर असूनही मी जुनीच रिनाय. गावाच्या लेखी मी अजून आई नाही, बाबाही आजोबा नाहीत. पण त्यांचं एकच, "जावई येऊ दे."

जावई खाली मिरी शहरात, दुसरीबरोबर. साऱ्या गावाला ठाऊक आहे. फोनवर तो मलय बोलतो. त्या भाषेत "आम्ही येऊ" म्हटलं की सुटला. किती जण ते सांगावं लागत नाही. आमच्या केलाबित बोलीत ही पळवाट नाही. दोघांचं "तुम्ही" वेगळं, तिघाचौघांचं वेगळं, घोळक्याचं आणखी वेगळं.

आज शेतावरून येताना सुपांगमावशीने दारातून हाक मारली, "जेवलात का गं तुम्ही?" तिघांचं "तुम्ही"!

"मावशी, तिसरा कोण? दाखव की मला!"

"अगं, तोंडानं चांगलं बोलावं. येईल तो."

"दोघं आहोत आम्ही. दोघंच म्हण. जीभ झडणार नाही तुझी."

"रागानं दूध आटेल, बाई."

"माझं दूध मी बघते!"

लियान दचकून रडायला लागला. त्याच्या कपाळावर ओठ टेकवले, पाठ थोपटली, तो निवला. मी नाही.

घरी बाबा पानात बांधलेला मऊ भात सोडत होते.

"येत्या शनिवारी जेवण घालायचं," मी म्हटलं.

"बापाशिवाय? लोक हसतील, पोरी."

"पोर मी जन्माला घातलंय. तुम्हाला याचा आजा व्हायचंय, की त्याचा सासराच राहायचंय?"

बाबा भाताचं दुसरं पान सोडायला लागले. तेवढंच पुरलं मला. लियानला पाठीशी बांधलं, कोयता उचलला आणि घरामागे डुक्कर कोंडलं होतं तिकडे निघाले. आजवर कोंबडीसुद्धा कापली नव्हती मी. डुक्कर उठून माझ्याकडे बघत राहिलं.

मागून बाबा धावत आले. "वेडी! आज कापलंस तर शनिवारपर्यंत नासेल ते!" त्यांनी कोयता हिसकावला. मग माझ्याकडे न बघता लियानच्या डोक्यावरून हात फिरवला. "शनिवारच्या जेवणाला मीठ किती लागेल, मावशीला विचार. आणि तिच्याशी जरा नीट बोल."

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि विचारायला गेले.