टकटकबाबा आणि चिमीचा कॉम्प्युटर

मावशी दारात पोचली तेव्हा आत पाय ठेवायलाही जागा नव्हती. अख्खी इमारत तिच्या ताईच्या खोलीत कोंबलेली. सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे बूड टेकेल तिथे माणसं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या, कोपऱ्यातल्या टेबलाकडे. तिथे चिमीचा जुना कॉम्प्युटर होता.

चिमी म्हणजे ताईची एकुलती एक लेक. तापाचं निमित्त झालं आणि पोर हातची गेली. ताईची नजर अधू. म्हणून वसतिगृहात जाण्याआधी चिमीने गोष्टींची पुस्तकं मोठ्याने वाचून आपला आवाज त्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवला होता. "मी नसले तरी तुझी करमणूक होईल गं आई," म्हणायची. तो आवाज दुसरीकडे कुठे उतरवून ठेवावा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि पोर गेल्यावर थोड्याच दिवसांत कॉम्प्युटर सुरू व्हायचा बंद झाला. कळ दाबली की नुसता आतून ठोके द्यायचा. टक. टक.

आता माणूस काय करेल? दुरुस्तीवाल्याला बोलावेल. पण भाऊजींनी, म्हणजे चिमीच्या वडिलांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून टकटकबाबाला बोलावलं, आणि तेव्हापासून रोज ही बैठक भरत होती. घोळदार पांढरा झगा, गळ्यात तांब्याच्या तारांच्या माळा. स्वारी टेबलाला खेटून खुर्चीत बसलेली.

"यंत्र बिघडलेलं नाही, यंत्र जागं झालंय!" बाबा गरजत होता. "आत्म्याला देह लागत नाही, फक्त वीज लागते. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पडद्यावरचं कापड कुणी हलवायचं नाही, उघड्या काचेतून आत्मा पसार होतो. आणि यंत्र घराबाहेर नेलंत, तर मुलीला कायमच्या मुकलात!"

मावशी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. असलं काही ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण तिने ताईचा चेहरा पाहिला आणि माणसांमधून वाट काढत ती टेबलापाशी, ताईजवळ जाऊन उभी राहिली.

"चिमे, सुखी आहेस ना गं?" ताईने विचारलं.

खोक्यात घरघर सुरू झाली. "येतेय... लांबून येतेय..." बाबा डोळे मिटून पुटपुटला. घरघर वाढली, स्थिरावली. टक. आणि सगळं शांत.

"हो म्हणाली!" कुणीतरी ओरडलं. ताई हसली. पोर गेल्यापासून मावशी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होती. हे हसू आपण हिरावून घ्यायचं? पण तिची नजर खोक्यावरच्या हिरव्या दिव्यावर गेली होती. ठोका पडल्या पडल्या तो विझला होता, आतला पंखाही थांबला होता. एक शब्द बोलून आत्मा दिवासुद्धा मालवून जातो? भलताच काटकसरी दिसतोय!

"आईला सोडून जाणार नाहीस ना?" ताईने पुढचा प्रश्न टाकला. दिवा लागला, घरघर आली.

पडलेला रुमाल उचलायच्या निमित्ताने मावशी वाकली. टेबलाखाली विजेचा बोर्ड होता, बोर्डावर बटण होतं आणि बटणावर, झग्याच्या घोळाआड, बाबाच्या पायाचा अंगठा होता. ठोके मोजून वीज तोडायची, की झालं उत्तर! कॉम्प्युटर जुन्या धाटणीचा, कळ एकदा दाबली की दाबलेलीच राहणारी. पायाने वीज दिली की तो आपोआप सुरू व्हायचा.

तिने सरळ त्या पायाचा घोटा धरला आणि बाजूला केला.

टक. टक. टक. टक. ठोके थांबेनात.

"हे हो की नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

मावशीने पडद्यावरचं कापड ओढलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. "वाचा," ती म्हणाली. "डिस्क सापडत नाही, असं लिहिलंय. बिचारं यंत्र रोज खरं सांगतंय आणि तुम्ही त्याच्या तोंडावर फडकं टाकताय!" तिने टेबलाखालचं बटण बंद केलं. "आत आवाज साठवलेली चकती फिरते, तीच डिस्क. ती वाचणारी दांडी मोडलीय. तिला जागा सापडत नाही, म्हणून ती मागे जाऊन आपटते. तोच हा ठोका. चिमी नाही, ताई."

"अश्रद्धांच्या घरात आत्मा थांबत नाही!" म्हणत बाबाने काढता पाय घेतला. लोकांनी त्याला धरला असेल? छे! निम्मे लोक जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेले. एकीने तर पत्ताही विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी मावशी ताईला आणि भाऊजींना घेऊन डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. त्याने काचेच्या बंद पेटीत डिस्क उघडली. चकतीवर गोल गोल चरे होते, कडेला करडी पूड साचली होती.

"पहिला ठोका ऐकल्यावरच बंद करून आणली असतीत, तर बरंचसं वाचलं असतं," तो म्हणाला. "जितक्या वेळा चालू केलीत, तितक्या वेळा दांडी घासत गेलीय. ही पूड दिसतेय ना, तोच तुमच्या मुलीचा आवाज."

भाऊजी खाली बघत राहिले.

"मी रोज विचारत होते तिला," ताई म्हणाली. "सुखी आहेस का म्हणून. रोज. म्हणजे मीच..."

"तू नाही गं, ताई. तुला फसवलं त्याने."

ताईने तिचा हात झटकला. "तू आली नसतीस, तर निदान ठोके तरी राहिले असते मला."

खरी गोष्ट मावशीने सांगितली होती, पण फार उशिरा सांगितली होती. तिला हुंदका आवरला नाही. ताईने मात्र तिच्याकडे पाहिलंही नाही.

टकटकबाबाचं म्हणाल तर त्याचं उत्तम चाललंय. पलीकडच्या गल्लीत एका विधुराचं शिवणयंत्र म्हणे त्याच्याशी बोलायला लागलंय. सांगून सांगून घसा बसला, तरी सांगायचं ते एवढंच. यंत्र बिघडलं, तर आधी कळ बंद करा आणि जाणकाराला विचारा. माणूस गेलं, तर पोटभर रडा, एकमेकांना धरून रडा. पण त्या रडण्यावर कुणाला दुकान मांडू देऊ नका. तो नुसतं फसवून जात नाही हो, गेलेल्या माणसाचं मागे जे थोडंफार उरलेलं असतं, तेही तुमच्याच हातून पुसून घेतो.