लाल दोऱ्याचं ठिगळ

"कापड धुवायला दिलंय, बाई."

मुकादमाने हे इतक्या साळसूद चेहऱ्याने सांगितलं की गाळबाई क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिल्या. नोकरीत त्यांनी थापा काय कमी ऐकल्या होत्या? कापड वाऱ्याने उडालं, कापड उंदरांनी कुरतडलं, कापड उद्या येतंच आहे. पण खुंट्या ठोकून, खालची कड मातीत पुरून लावायचं, गाळ अडवायचं कापड कोणी धुवायला दिल्याचं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मग इस्त्री करूनच आणा," त्या म्हणाल्या.

मुकादम खो खो हसला. बाई आज खुशीत दिसतायत, असं वाटलं असणार बापड्याला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

टेकडीवर एकाच ठेकेदाराच्या तीन साइट, त्यांतली ही सगळ्यात खालची. तिच्या उताराकडच्या कडेला खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती. तिथून चिखलाचा ओहोळ थेट रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात उतरला होता आणि गटाराच्या जाळीवर माती-सिमेंटचा थर वाळून खडखडीत झाला होता. हे सगळं परवाच्या पावसाचं. एकाच रात्रीचा पाऊस, तोही अवकाळी.

जमीन उकरायला परवानगी मिळते तेव्हाच अट घातलेली असते. पावसाच्या पाण्याबरोबर माती बाहेर जाता कामा नये, कडेला कापड हवं, जाळीभोवती वाळूच्या पिशव्या हव्यात, डंपरची चाकं धुतल्याशिवाय तो रस्त्यावर येता कामा नये. हे बघत फिरणं हीच बाईंची नोकरी. ठेकेदारांनी चिडवायला 'गाळबाई' नाव पाडलं, तर बाईंनी ते मानाने मिरवलं. "बरंय की," त्या म्हणायच्या, "निदान काम काय करते ते तरी कळतं. तुमच्या साहेबांच्या नावावरून तेही कळत नाही."

ऑफिसची एक रीत होती. तपासणीच्या आदल्या दिवशी साइटवर फोन जायचा, 'उद्या बाई येतायत.' कशासाठी? तर म्हणे फाटक उघडं असावं, जबाबदार माणूस जागेवर असावा, बाईंना डोक्याला हेल्मेट मिळावं. ऐकायला किती सोज्वळ! वर्षानुवर्षं ही रीत चालली आणि बाईंनाही तिच्यात कधी काही वावगं वाटलं नाही. आज मात्र त्या न सांगता आल्या होत्या. साइटला नाही, ऑफिसलाही नाही.

कारण दादा.

बाईंच्या थोरल्या भावाची टेकडीखाली, हे गटार जिथे मिळतं त्या ओढ्याकाठी माशांची तीन तळी होती. ओढ्याचं पाणी तळ्यात घ्यायच्या तोंडाशी एक लाकडी फळी असते. ती टाकली की पाणी बंद, उचलली की चालू. परवा संध्याकाळी आभाळ भरून आलं तेव्हा दादाने फोन केला होता.

"चिमे, वर तुझी ती बांधकामं चाललीयेत ना? फळी टाकू का राहू दे उघडी? उन्हाने पाणी जड झालंय. मासे नव्या पाण्याला आसुसलेत."

"मग टाकतोस कशाला? वरच्या तिन्ही साइट मी याच आठवड्यात बघून आलेय. तिन्हीकडे कापड चोख. येऊ दे नवं पाणी."

दादाने पुढे एक अक्षर विचारलं नाही. बहिणीने सांगितलं ना, विषय संपला.

काल सकाळी बाई गेल्या तेव्हा दोन तळी दुधाच्या चहासारखी झाली होती आणि मासे पोटं वर करून काठाला लागले होते. कल्ल्यांत गाळ बसला, श्वास कोंडून मेले. तिसरं तळं तेवढं वाचलं होतं. त्यात बीजाचे मोठे मासे होते, ज्यांच्या अंड्यांवर पुढची सगळी पैदास व्हायची. ते वाचलं, कारण त्याची फळी वहिनीने रात्री आपल्या मनाने टाकली होती.

"ह्यांना मी सांगत होते, वन्सं," वहिनी म्हणाली, "टाका सगळ्या फळ्या. तर म्हणाले, माझी बहीण बघून आलीय. मग काय बोलणार?"

दादा पाण्यात गुडघाभर उभा राहून एकेक मेलेला मासा उचलून टोपलीत ठेवत होता. भिरकावत नव्हता, ठेवत होता. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बाईंना परवडलं असतं.

आणि उरलेल्या तिसऱ्या तळ्याचीही घटका भरत आली होती. फळी टाकून ठेवलेली, पाणी कोंदलेलं, बीजमासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागलेले. नवं पाणी आज मिळायलाच हवं होतं. पण ओढा अजून गढूळ वाहत होता आणि आभाळ पुन्हा भरत होतं. वरची माती थांबवल्याशिवाय तरणोपाय नव्हता.

मुकादमाला तिथेच सोडून बाई टेकडी चढून मधल्या साइटवर गेल्या. तिथेही नुसती भोकं.

"इथलं कापड कुठे गेलं? रंगवायला?"

तिथला माणूस 'बघून येतो' म्हणाला. तो आत सटकला तो बाहेर आलाच नाही.

सगळ्यात वरच्या साइटवर मात्र कापड होतं. कसं नसेल! नव्या फेरीतली तिथली तपासणी उद्या ठरलेली, फोन जाऊन पोचलेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापड ताठ ताणलेलं होतं. बाई कापडावर हात फिरवत कडेकडेने चालू लागल्या आणि मध्येच थबकल्या.

सिमेंटच्या गोणीचं ठिगळ. त्याला लाल दोऱ्याचे टाके.

ते ठिगळ त्यांनी स्वतः लावलेलं होतं, आणि ते इथे नाही, खालच्या साइटवर! मागच्या फेरीत खालची साइट सगळ्यात शेवटी बघितली, तेव्हा कापड फाटलेलं दिसलं. सुई कोणाकडेच नव्हती. बाईंच्या पर्समध्ये सुई असायची आणि दोरा तेवढा लाल उरला होता. चिखलात उकिडवं बसून त्यांनीच ते शिवलं होतं. दर चौथ्या टाक्याला दुहेरी गाठ, आई घालायची तशी. मुकादम वर कौतुकाने म्हणाला होता, "बाईंसारखी काळजी कोण घेतं हो!"

तीन साइट आणि कापड एकच. बाई जिथे जाणार तिथे त्यांच्या आधी जाऊन उभं राहणारं. डोळ्यांत धूळ फेकतात म्हणतात, यांनी तर अख्खी टेकडी फेकली होती! आणि त्या आंधळ्यासारख्या तिन्ही ठिकाणी 'ठीक आहे' लिहून मोकळ्या झाल्या होत्या, वर दादाला छातीठोकपणे सांगून बसल्या होत्या.

"अरे मॅडम, तुम्ही उद्या ना?" साइटचा इंजिनिअर हेल्मेट सावरत धावत आला.

"हे कापड कुठलं?"

"आमचंच."

"तुमचंच ते. पण घर कुठलं त्याचं? खालच्या साइटचं की मधल्या?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग खासगीत सांगावं तसा आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, चिडू नका. तुमच्या साहेबांनीच सांगितलंय, बाईंना दाखवण्यापुरतं असलं की झालं. आमची काय चूक?"

बाईंना वाटलं, याच्या कानाखाली एक सणसणीत ओढावी. आजवर कोणावर हात उचलला नव्हता, आजही उचलला नाही. पण आवाज असा चढला की घमेल्यांची रांग जागच्या जागी थांबली.

"दाखवण्यापुरतं? मी काय सोंग बघायला येते इथे? माती खाली जाते ती कोणाच्या तरी घरात जाते रे! बंद करा काम. तिन्हीकडे, आत्ताच्या आत्ता!"

काम बंद करायचा जागेवरचा हुकूम त्या काढू शकत होत्या. साहेबांनी तो फिरवला तर गोष्ट वेगळी. बाईंनी हुकूम लिहिला, कापड जप्त केल्याचं लिहिलं आणि स्वतःच खुंट्या उपटायला लागल्या. घमेली घेतलेल्या दोन बायका न सांगता पुढे झाल्या आणि कापड गुंडाळू लागल्या. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"बाई, अहो आज स्लॅब आहे त्यांचा. मध्येच कसं थांबवता? जरा समजून घ्या."

"मासे मेलेत, साहेब. खाली दोन तळी संपली."

"कोणाची?"

"माझ्या भावाची."

"अच्छा!" साहेबांचा आवाज एकदम सैल झाला. "म्हणजे घरचं प्रकरण आहे होय!"

"हो, घरचंच आहे. तुमच्या फोनमुळे मांडलेलं कापड खरं मानून मी घरी शब्द दिला होता."

"हे बघा, हुकूम मागे घ्या. आणि ते कापड देऊन टाका त्यांचं त्यांना."

"हुकूम मी मागे घेणार नाही. तुम्हाला घ्यायचा असेल तर तुमच्या सहीने घ्या. काय म्हणून घेतला तेही लिहा, म्हणजे लोकांना वाचता येईल."

त्यांनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. नियमाप्रमाणे जप्तीचा माल ऑफिसात जमा व्हायला हवा होता. बाईंनी जन्मात पहिल्यांदा नियम धाब्यावर बसवला. भाड्याचा टेम्पो थांबवला, गुंडाळी वर टाकली आणि ड्रायव्हरला दादाच्या तळ्यांचा रस्ता सांगितला.

दादाने गुंडाळी बघितली, बहिणीकडे बघितलं आणि काही न विचारता खुंट्या उतरवून घेतल्या. तिसऱ्या तळ्याच्या तोंडाशी, फळीच्या अलीकडे ओढ्याच्या बाजूला दोघांनी चर खणला. वहिनी आली. दुसरं फावडं घेतलं आणि माती ओढायला लागली. कापडाची तिहेरी घडी घातली, कड खोल पुरली, पुढे वाळूच्या पिशव्या रचल्या. लाल ठिगळ अगदी मधोमध आलं.

"हा टाका तुझाच दिसतो," दादा म्हणाला. "दुहेरी गाठ."

"माझाच," बाई म्हणाल्या. त्यांनी ठिगळाखालची माती हाताने घट्ट दाबली.

तेवढ्यात वर टेकडीवर मिक्सर घरघरायला लागला. एक, पाठोपाठ दुसरा. म्हणजे साहेबांनी सही केली होती. बाईंनी मान वर करून तिकडे बघितलं आणि तोंडात आलेली शिवी वहिनीसमोर मोकळेपणाने दिली. वहिनीने "बरोबर आहे" म्हणून मातीवर आणखी एक फावडं दाबलं.

ओढ्याचं पाणी कापडाला येऊन टेकलं. हळूहळू पलीकडे झिरपायला लागलं, थेंबांची धार झाली, फळीपाशी वीतभर पाणी साचलं. तळ्यात बीजमासे तोंडं वर काढून तसेच तरंगत होते. पावसाचे पहिले चार शिंतोडे पडले.

दादा फळीवर हात ठेवून वाकला. त्याने पाण्याकडे बघितलंच नाही, बहिणीकडे बघितलं.

"चिमे, उचलू फळी?"

परवा फोनवर विचारलं होतं, तसंच. तोच आवाज, तोच भरवसा, तसूभरही कमी नाही. बाईंनी चपला काढल्या, साडी खोचली आणि चरात उतरल्या. फळीपाशी साचलेलं पाणी ओंजळीत घेतलं, उजेडाकडे धरलं. तळहाताच्या रेघा अजून धूसर दिसत होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "अजून नको. मला बघू दे."

दादा फळीवर हात ठेवून थांबला. बाईंनी ओंजळ सोडली आणि पुन्हा भरली.