नऊ वेळा ऐकलेलं

साहेबांनी कागद थेट तिच्या कीबोर्डवरच ठेवला आणि वर पेन.

"त्यानं सूचना ऐकल्याच नाहीत, एवढंच लिही. खाली सही."

कारखान्यात यंत्रावर उभं राहण्याआधी प्रत्येकाला एका वेबपेजवर सात मिनिटांच्या सूचना ऐकाव्या लागत. कोण कुठवर ऐकतंय याची दर पाच सेकंदांनी नोंद करणारी स्क्रिप्ट तिनंच लिहिली होती. शेवट गाठला की नावापुढे 'पूर्ण' उमटे. परवा पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये दोन बोटं गमावलेल्या कारागिराच्या नावापुढे ती जागा रिकामी होती.

"थांबा, आतल्या नोंदी बघते."

"आता आणखी काय बघायचंय? दुधाचं दूध, पाण्याचं पाणी झालंय की!"

तिनं ओळी खाली सरकवल्या. ३:१०, ३:१५, ३:२०. मग पुन्हा ३:१०. पडद्यावर बोट टेकवत ती मोजू लागली. नऊ वेळा. त्यानंतर पान बंद.

"कामचुकार माणूस तेच ते नऊ वेळा ऐकेल का, साहेब?"

तिनं हेडफोन चढवला.

'पत्रा अडकला, तर यंत्राचं बटण बंद करा. मग हात घालून पत्रा काढा.'

दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती. आणि तिथं तर मुळात आणखी एक वाक्य होतं: भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढा. नुसत्या बटणानं प्रेसची वीज तुटत नसे. फाइल लवकर उघडावी म्हणून गेल्या महिन्यात तिनं मधल्या रिकाम्या जागा छाटल्या होत्या. सुक्याबरोबर ओलंही जळालं होतं. छाटल्यावर तिनं ती फाइल एकदाही ऐकली नव्हती.

हेडफोन काढताना तिची बोटं केसांत अडकली.

"वाक्य मी कापलंय, साहेब."

साहेबांनी आधी दार लोटून घेतलं.

"हे तुझ्यामाझ्यात राहू दे. नोकरीवर पाणी सोडायचंय का? कर सही."

तिनं पेन उचललं. तेवढ्यात पडद्यावर, सगळ्यांत वर, एक नवी ओळ उमटलेली तिला दिसली. आजची तारीख. आज रुजू झालेली मुलगी. पुढे 'पूर्ण'. वीस मिनिटांपूर्वी.

"ही कुठल्या यंत्रावर आहे?"

"त्याच्याच. रिकामं ठेवून कसं चालेल?"

खुर्ची मागे पडली ती पडलीच. जिना, अंगण, लोखंडी दार. मागून साहेबांच्या हाका येत होत्या. शेडमध्ये बाकीच्या यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज होता. ओरडण्यात अर्थ नव्हता. प्रेसच्या तोंडात पत्रा तिरका अडकला होता. मुलीनं बटण दाबून यंत्र थांबवलं होतं आणि ती बाही कोपरापर्यंत वर सारत होती.

मुलीकडे न जाता तिनं थेट भिंत गाठली आणि दोन्ही हातांनी खटका खाली ओढला. प्रेसवरचा दिवा विझला.

मुलगी दचकून वळली. तिला धापा टाकताना बघून ती कसनुसं हसली.

"काही चुकलं का, ताई? मी सगळं ऐकलंय. अगदी शेवटपर्यंत."