तिसऱ्याकडे हात जात नाही

मी तिसरा गिअर बोलतोय. लाम्ब्रोसआजोबांच्या जुन्या निळ्या गाडीतला. पहिल्याशिवाय गाडी हलत नाही, त्यामुळे त्याला मान आहे. पाचव्यावर तर सगळ्यांचा जीव. मी मधला.

गिअरच्या मुठीवरचा पाचाचा आकडा आजोबांच्या तळव्याने पार पुसून गेलाय. माझा तिनाचा आकडा अजून कोरा करकरीत. बघून आतून जळतो मी. पाचव्याला काम काय, तर आम्ही कष्टाने आणलेल्या वेगावर आयतं बसायचं. तरी कौतुक त्याचंच : किती शांत, किती कमी पेट्रोल पितो! माझा मात्र आवाज होतो. कधीकधी वाटतं, खरंच मी उगाच आरडाओरडा करत असेन.

दर गुरुवारी आम्ही पिर्गोस गावाहून पात्रा शहरात जातो. आजोबांची नात फोतिनी सात महिन्यांची, तिचा खुबा जागेवर बसावा म्हणून तिला पट्टा आहे, तो डॉक्टरांकडून घट्ट करून आणायचा असतो. चालवायचे आजोबा. सून अर्गिरो शेजारी बसून वारंवार मागे वळून पोरीचा श्वास तपासायची. तिला परवाना होता, पण ती इतकी हळू चालवते की गाडीत मागे शवपेटी आहे असं वाटतं, असं आजोबा म्हणायचे.

गेल्या गुरुवारी कलिंगडांचा ट्रक पुढे होता. इथल्या रिवाजाप्रमाणे तो भला माणूस रस्त्याकडेच्या पट्टीवर सरकला आणि त्याने वाट दिली. आजोबा त्याला ओलांडायला पाचव्यातच बाहेर पडले. उजवा हात आता माझ्याकडे येणार म्हणून मी सावरून बसलो. तेवढ्यात उजवीकडे चॅपेल आलं आणि तो हात उचलून आजोबांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एकदा नाही, तीनदा. पाय खाली दाबलेला, पाचवा नुसता कण्हतोय, वेग वाढेना, आणि समोरून बस दिवे मारत येतेय.

आजोबांनी ब्रेक दाबला आणि आम्ही कसेबसे पुन्हा ट्रकच्या मागे शिरलो. फोतिनीला जाग आली नाही.

"गाडीत दम राहिला नाही," आजोबा म्हणाले.

"दम आहे बाबा," अर्गिरो म्हणाली, "तिसऱ्यात आहे. तुमचा हातच जात नाही तिकडे."

"तिसऱ्यात गाडी रडते."

"रडू दे. माझ्यावर रडायची वेळ आणू नका."

इतक्या वर्षांत माझं नाव कुणी असं घेतलं नव्हतं.

पुढच्या पेट्रोल पंपावर अर्गिरोने किल्ली मागितली. आजोबांनी दिली, पण शेजारी बसून तोंड सुरूच. तोच ट्रक पुन्हा गाठला, तेव्हा त्यांनी विचारलं, पात्रापर्यंत कलिंगडांचा वास घेत जायचंय का? अर्गिरोचे हात घामेजले होते, मुठीवर मला ते जाणवत होतं. ती ट्रकला चिकटली नाही, पलीकडचा रस्ता दिसेल इतकी मागे राहिली. ट्रक पुन्हा कडेला सरकला.

"जा की सूनबाई, बोलावतोय तो."

ती गेली नाही. पुढे पट्टीवरच अंजिरांची टपरी होती. तिथे ट्रकला परत रस्त्यात यावं लागणार हे तिने ओळखलं होतं, आणि तो आलाच.

मग सरळ, मोकळा रस्ता आला. समोर कुणी नाही, मागे आरशात कुणी नाही. ट्रकमागे आमच्याच लेनमध्ये असताना तिने क्लच दाबला आणि मला बोलावलं. मी सगळा जोर काढला. ट्रक आरशात आख्खा दिसेपर्यंत आणि गाडी आपल्या लेनमध्ये येईपर्यंत तिने मला सोडलं नाही.

"आता तरी पाचवा टाक," आजोबा पुटपुटले.

चौथा, मग पाचवा. गाडी शांत झाली तशी अर्गिरो मागच्या पोरीसाठी गुणगुणू लागली. ते गाणं त्या आयतोबाच्या वाट्याला आलं. मी ऐकत बसलो, जळत.

तुम्हीही पाचव्याचं कौतुक करा, माझी हरकत चालणार थोडीच. फक्त ट्रकमागून बाहेर पडण्याआधी माझ्याकडे या. बाहेर पडल्यावर शोधू नका, तेव्हा हात स्टिअरिंगवर हवा. नंतर खुशाल त्याच्याकडे जा. मी जळेन, तो माझा प्रश्न. मागच्या सीटवरचं पोर मात्र झोपेतच घरी पोचेल.