मागच्या खोलीतली ऊब

नम्रताचा अर्धा जीव खर्डीत असायचा आणि अर्धा मुरबाडला. खर्डीतला अर्धा खिडकीशी मांडी घालून बसलेला, मांडीवर कॉम्प्युटर, समोर धुक्यात बुडालेली खाचरं. मुरबाडमधला अर्धा एका संस्थेच्या मागच्या खोलीत, लोखंडी स्टुलावर ठेवलेल्या काळ्या पेटीपाशी. त्या पेटीला ऑफिसात सगळे सर्व्हर म्हणत. संस्था डोंगरातल्या वाड्यांकडून हिरडा, मध, मोहाची फुलं विकत घेई, आणि कोणी काय आणलं, कुठे गेलं, हे सगळं त्या पेटीत राही. पेटी चालू ठेवायची, बिघडली तर घरबसल्या दुरुस्त करायची, हे नम्रताचं काम.

गावातल्या बाया विचारत, "घरी बसून काय करतंस गो?"

"मुरबाडला एक मशीन हाय, तिची राखण करते," ती सांगे. मग बाया एकमेकींकडे बघत. खर्डीत बसून मुरबाडची राखण, म्हणजे पोरगी चांगल्या पगाराची होती आणि कशात काय झालं, असा त्यांचा चेहरा होई. नम्रता काही समजावत बसत नसे. राखणच तर होती ती.

आधी ती लोकलचा पास काढून रोज ठाण्याला जायची. एके दिवशी तिचे वडील, भगीरथबाबा, पडवीत घसरले. गुडघे आधीच गेलेले, उठता येईना. दुपारपासून ते तिथेच ओल्या जमिनीवर पडून होते आणि संध्याकाळी नम्रताने दार उघडलं तेव्हा म्हणाले, "आज फास्ट मिळाली वाटतं." त्या एका वाक्याने तिची ठाण्याची नोकरी संपली. तिने हे मुरबाडचं काम मिळवलं आणि तेव्हापासून जीवापाड जपलं. हे गेलं तर परत पहाटेची गाडी, आणि परत बाबा एकटे. दुसरं काही तिच्या मनात येतच नसे.

ती खोली तिने एकदाच पाहिली होती. भिंतीला लागून पोत्यांची थप्पी, हिरड्याचा तुरट वास, एक झरोका. पण रोज तिथलं तापमान, पंख्याचा वेग, पेटीवरचा भार बघता बघता ती खोली तिला स्वतःच्या माजघराइतकी ओळखीची झाली होती. दुपारी डोळा जड झाला की तिला वाटे, आपण त्या पोत्यांवर टेकून बसलोय आणि पेटी शेजारी हळूहळू श्वास घेतेय. अशा वेळी बाबांनी ओटीवरून हाक मारली तर ती मुरबाडहून परत यायला जरा वेळ लागे.

आषाढात पेटी पडायला लागली. म्हणजे चालता चालता आपोआप बंद. पहिल्यांदा झालं तेव्हा नम्रताने वीजमंडळाच्या नावाने बोटं मोडली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा पेटीचा बॅटरीसाठा तपासला, तो ठणठणीत. दरवेळी ऑफिसातल्या मंगळीला फोन करायचा. मंगळी झाडलोट करी, चहा करी, आणि मुरबाडच्या पुढे डोंगराजवळच्या वाडीवरून येई. "मंगळी, पेटीचं पुढचं बटण दाब," नम्रता सांगे. "दाबते गो ताई. मी काय नाय केला," असं मंगळी न विचारताच म्हणे.

ऑफिस सांभाळणारा हरेश किन्हवलीचा. एरवी बोलायला मऊ माणूस, पण त्या पावसाळ्यात त्याला काय झालं होतं कोण जाणे, शब्दाशब्दाला खेकसायचा. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, वाडीवरची माणसं भिजत येतात, पावतीसाठी ताटकळतात, आणि तुमचं मशीन झोपलेलं. सोमवारी कल्याणच्या कंपनीचा माणूस येतोय बघायला. तोपर्यंत एकदा जरी बंद पडलं ना, तर काम त्यांना देणार. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हटल्यावर कोणाला वाईट वाटायचं थांबतं? नम्रताच्या तोंडचं पाणी पळालं. ती पेटीच्या जुन्या नोंदी उपसत बसली. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय तेच कळेना. आणि मग ते दिसलं. बाहेर पावसाने मुरबाड गारठलेलं असताना पेटीला रोज ताप चढत होता. तापमानाची रेघ माहुलीच्या कड्यासारखी चढायची, टोकाला पोचायची आणि तुटायची. पेटी स्वतःला वाचवायला स्वतःच बंद होत होती.

तिने मंगळीला व्हिडिओ कॉल लावला. "पेटी दाखव गं."

पुढची बाजू दिसली. पुसलेली, लखलखीत, वर एक जास्वंदसुद्धा.

"आता मागून दाखव."

फोन हलला नाही. नुसता पंख्याचा घरघराट आला.

"मागं काय नाय गो ताई. गोणी हाय."

खोलीभर गोण्याच होत्या, तेव्हा आणखी एकीकडे कोणाचं लक्ष जायचं? पण ही गोणी पेटीच्या पाठीला चिकटून बसली होती, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथेच. वरून सागाची पानं, त्यावर जुनं कांबळं, त्यावर दगड. नम्रताने ते पाहिलं आणि तिच्या नाकात एकदम वास आला, आंबूस गोड, तिच्या लहानपणीच्या गोठ्यातला. सगळा तालुका पालथा घातला आणि कारण पेटीच्या पाठीला टेकून बसलेलं. काखेत कळसा तो असा.

"रहू घातलास?" तिने विचारलं.

मंगळीला आधी वाटलं असावं की शिव्या बसणार. रहू म्हणजे भिजवून, ऊब देऊन मोड आणलेलं भात, चिखलात सरळ फेकायला, हे शिकलेल्या ताईला ठाऊक असेल असं तिला वाटलं नसावं. मग ती बोलली. "ओहोळ फुटला, लावणीसाठी राबात वाढवलेला रोप सगला गेला. भावानं बी दिला, तेवढाच हाय. घरात ओल, चूल निसती धुपते. दोनदा घातला, कुजला. हिच्या पाठीशी ऊब येते, मंग ठेवला. आता डोळा फुटाय लागलाय गो."

डोळा फुटाय लागलाय. नम्रताला फक्त एक शब्द बोलायचा होता, काढ. गोणी निघाली असती, पेटी निवली असती, सोमवार पार पडला असता. ओटीवरून बाबा सगळं ऐकत होते.

"काढू नको सांग तिला," ते म्हणाले. "डोळा फुटल्यावर गार पडला तर सगला बी जातो."

"बाबा, ही पेटी पडली तर मला परत ठाण्याला जावा लागंल."

पाऊस वळचणीवरून पागोळ्यांनी गळत राहिला. नम्रताला पडवीतली ती ओली जमीन आठवली, आणि तिला मंगळीचा थोडा रागही आला, का नाही येणार? जगात ऊब काय एवढ्या एकाच ठिकाणी होती? पण बघायला गेलं तर त्या आठवड्यात खरंच तेवढीच होती.

"ऊब कवढी लागते?" तिने शेवटी विचारलं.

"हात घालून बघायचा," बाबा म्हणाले. "गोड लागली पायजे हाताला. चटका नाय, गार नाय. गोड."

मग सुरू झालं ते काम कोणत्याही पुस्तकात नव्हतं. नम्रताने मंगळीला गोणी पेटीपासून हातभर मागे घ्यायला लावली, पालथ्या पाटीवर ठेवायला लावली, म्हणजे पेटीला श्वास घेता येईल आणि तोच श्वास गोणीवर पडेल. पंख्याचा वेग इथून वाढवला. "आणि पाणी तिथे शिंपडायचं नाही," तिने बजावलं, कारण मंगळी रोज पेटीशेजारी ओंजळीने पाणी मारत होती हे तिला आत्ताच कळलं होतं. "मंग सुकंल ना," मंगळी म्हणाली. शेवटी असं ठरलं की गोणी पडवीत न्यायची, तिथे शिंपडायची, निथळू द्यायची, मग परत आणायची. मंगळीने हरकत घेतली नाही.

शनिवारी पेटी पडली नाही. पण रविवारी ऑफिस बंद. कोणी काम करणार नाही, म्हणजे पेटी गार, म्हणजे गोणीही गार. मंगळी किल्ली घेऊन आली होती. गोणीत हात घालून तिने फोनवर सांगितलं, "ताई, ऊब गेली."

नम्रताने तेव्हा जे केलं ते तिच्या धंद्यातल्या कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. पेटीवरचा भार कमी ठेवण्यासाठी तिला पगार मिळत होता. तिने मुद्दाम भार वाढवला. जुन्या वर्षांच्या नोंदींची गाठोडी बांध, परत सोड. परत बांध, परत सोड. रिकाम्या न्हाव्याला लाजवील असा उद्योग. पेटी बिचारी इमानदारीने लागली कामाला. रेघ हळूच वर आली.

"आता?"

"येतेय. येतेय गो." थोड्या वेळाने, "जरा जास्ती झाली."

नम्रताने दोन गाठोडी कमी केली.

"आता गोड हाय."

दुपारभर तेच चाललं. इथे हिची बोटं, तिथे तिचा तळवा, मधे किन्हवलीची खाचरं आणि सगळा पाऊस. बाबा ओटीवर पेंगले होते. धुकं खिडकीच्या गजांतून आत येऊन परत जात होतं. नम्रताचे डोळे मिटले की उघडे होते ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. खोली मोठी मोठी होत गेली आणि तिच्या लहानपणीचा गोठा झाली. पेटी कोपऱ्यात रवंथ करत बसली होती. आई पेंढा सारून तिचा हात धरून गोणीत घालत होती, बघ, जितं हाय. आत काळोख होता, ओला, उबदार, आणि त्या काळोखात दाणा दाणा डोळा उघडत होता. आईचा हात इतका खरा होता की नम्रताला रडू आलं. जाग आली तेव्हा रेघ खाचरातल्या पाण्यासारखी सपाट होती आणि फोनवर मंगळी सांगत होती की मोड नखाएवढे झाले, उद्या उजाडताच घेऊन जाते.

सोमवारी कल्याणचा माणूस येऊन गेला. नम्रता खिडकीशी रेघेकडे बघत बसली, जीव टांगणीला. पेटी पडली नव्हती. फोन वाजला.

"मॅडम," हरेश म्हणाला, "मशीनच्या मागं भात उगवलाय."

नम्रताने रेघेवरून नजर काढली.

"कंपनीचा माणूस हसत होता. स्टुलाच्या फटीत दाणे, दाण्यांना हिरवे कोंब. काय आहे हे?"

मला काय माहीत म्हणणं सोपं होतं. मंगळीचं नाव घेणं त्याहून सोपं. "बी मोडायला ठेवलं होतं," ती म्हणाली. "मंगळीचं काही नाही त्यात. मी सांगितलं ठेवायला. मशीन पडायचं ते त्यानेच, हवा अडत होती. मग मी जागा बदलून घेतली, आणि शनिवारपासून पडलेलं नाही. पण गोणी मी काढायला लावली नाही, हे खरं. तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा."

फोनवर दोन्हीकडचा पाऊस वाजत होता. ओटीवर बाबा काठी धरून ताठ बसले होते. झालं, नम्रता मनात म्हणाली. आता पास काढायला स्टेशनवर जावं लागणार.

"किती वेळ लागला मोड यायला?" हरेशने विचारलं.

"का?"

"नाय, असंच. सगळा बी आला का? कुजला नाय?"

"सगळा आला."

"एवढ्या पावसात." मग तो ऑफिसातल्या बाकड्यांबद्दल काहीतरी बोलला, मग झरोक्याबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवावं तर किती लपवावं. शेवटी त्याचा आवाज खाली आला. "आमचं पण रोप गेलं मॅडम. किन्हवलीचं. सगळं. आईनं चुलीजवळ घातला, कुजला. ती जेवत नाय नीट. थोडा बी राहिलाय." तो थांबला. "कंपनीला मी नाय म्हणून सांगतो. तुमी ते... ती खोली गरम करता ना, ते अजून एकदा जमेल?"

नम्रताला हसू आलं आणि डोळेही भरून आले. म्हणजे इतके दिवस तो खेकसत होता ते यासाठी.

"आज भिजवा," ती म्हणाली. "उद्या निथळून आणा. आणि हात मंगळीला घालू द्या. तिला कळतं, मला तिच्या हातावर मशीन चालवायचंय."

फोन ठेवून ती तशीच ओटीवर आली, कॉम्प्युटर छातीशी धरून.

"काय झाला?" बाबांनी विचारलं.

"काम राहिलं, बाबा. उद्या किन्हवलीवाल्यांचा रहू घालायचाय."

बाबांनी शेवटचा रहू घातला त्यालाही बरेच पावसाळे झाले होते. त्यांनी हात पुढे केला, तिच्या कॉम्प्युटरच्या खाली, जिथे तो दिवसभराच्या कामाने तापला होता, तळवा लावून डोळे मिटून बघितलं.

"गोड हाय," ते म्हणाले.