चौथी पट्टी

बागेतली चौदावी केळ आडवी झाली, तसा गहिनीनाथआबांनी तक्रारीचा कागद लिहून खिशात घातला. बुंध्याशी कंद सडलेला, वास नाकात शिरणारा. आबांच्या मते हे काम बांधापलीकडच्या चुलतभावाचं, वैजनाथचं. कालव्याचं पाणी आधी त्याच्या बागेतून येतं. त्यानंच पाटात कायतरी सोडलं असणार.

सून निकिताच्या मनातही ती शंका हळूच शिरली होती. वैजनाथची बायको भागूबाई रोज येऊन चार महिन्यांच्या सृष्टीला तेल लावून न्हाऊ घालायची. त्या हातांत पोर अशी सैल पडायची, जशी आईच्या मांडीवरही पडत नसे. आज मात्र भागूबाई उंबऱ्यात आली, तेव्हा निकितानं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"आज राहू द्या काकू. अंग कोमट लागतंय हिचं."

"बघू तरी."

"नको."

भागूबाई उंबऱ्यातूनच माघारी गेली. कागद एकदा पोलिसांत गेला की हे येणं कायमचं तुटणार, हे निकिताला कळत होतं. पण खरं असलं तर?

दुपारी सरकारी कृषी केंद्रातली रेश्मा रोग तपासायच्या चार पट्ट्या घेऊन आली. केळीचा रस बाटलीतल्या पाण्यात कालवायचा, पट्टी बुडवायची. दहा मिनिटांत एक रेघ उमटली तर झाड निरोगी, दोन उमटल्या तर रोगाचे जिवाणू.

"कोन्च्या कंपनीची गं तू? औषध खपवायला आलीस न्हवं?" आबांनी विचारलं.

"कंपनीची असते तर गाडीतून आले असते, आबा. एसटीतून उतरून चालत आलेय."

आबांनी कोयत्यानं पडलेल्या केळीचा तुकडा काढला. दोन रेघा. मग मुद्दाम त्यांनी बागेतली सगळ्यात टवटवीत केळ निवडली, कोयता धोतराला पुसला आणि तुकडा दिला. तिलाही दोन!

"बघा! हिला म्हनं रोग हाय! पट्टीच खोटी."

सृष्टीची झोळी हलवणारा निकिताचा हात थांबला. तिनं रेश्माकडे पाहिलं, मग आबांच्या हातातल्या पात्याकडे. ती घरात गेली, भाजीची सुरी उकळत्या पाण्यातून काढून आणली आणि त्याच केळीचा दुसऱ्या बाजूचा तुकडा कापला.

दहा मिनिटं गेली. एकच रेघ.

"आबा, ह्या झाडाला काय न्हाई. कोयत्याला हाय. बुंध्याशी फुटल्याली पिलं काढताना एका केळीवरनं दुसरीवर..." निकिता म्हणाली. मजुरांचा भरवसा नको म्हणून सगळ्या बागेतली पिलं आबांनी स्वतः काढली होती.

आबा खाली बसले. "पंधरा दिसांमागं वैजनाथाकडं सावडीला गेल्तो," ते म्हणाले. तो इकडे राबायचा, हे तिकडे, दरसालची रीत. "त्याचीबी पिलं म्याच काढली. ह्याच कोयत्यानं."

"मग त्यांना आत्ताच सांगा," रेश्मा उरलेली चौथी पट्टी पुढं करत म्हणाली. "अजून केळी पडल्या नसतील तर बाग वाचेल."

"तू जा," आबा सुनेला म्हणाले. "तुज्यावर न्हाई वरडायचा त्यो."

"मी येते संगं. पन बोलायचं तुमी."

सृष्टीला खांद्यावर घेऊन ती आबांच्या मागून बांध ओलांडू लागली. पलीकडे भागूबाई गवत कापत होती. तिनं मान वर केली, पण हाक काही मारली नाही. ती निकितालाच मारावी लागली.